हँडलखालच्या चकत्या

"डोळे मीट. खांदे सैल सोड. आता काहीतरी धरायचंय असं समजून हात पुढे कर. हां, हलू नको."

दिल्लीत येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते आणि एका सरकारी कचेरीच्या ड्रॉइंग हॉलमध्ये, पंधरा-वीस माणसांदेखत, मी डोळे मिटून हवेत हात धरून बसले होते. पन्नाशी केव्हाच उलटलेला एक किडकिडीत माणूस वाकून माझ्या मनगटापासून टेबलापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजत होता. पुण्यात कुणी असं काही सांगितलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. इथे गुपचूप बसले, कारण हा माणूस मराठीत बोलत होता आणि आठ दिवस मराठी न ऐकून माझा जीव कासावीस झाला होता.

मोजून झाल्यावर त्यांनी कपाटातून टेलिफोन डिरेक्टरीचे दोन जाडजूड खंड काढले, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याखाली सरकवले आणि म्हणाले, "आता बघ." माझी मान त्या आठवड्यात सारखी अवघडायची. दोन दिवसांत ते थांबलं. मी त्यांना काका म्हणायला लागले ते तेव्हापासून.

तेव्हा देशात सगळंच नवीन येत होतं. गच्च्यांवर केबलच्या डिशच्या छत्र्या उगवत होत्या, कालपर्यंत स्कूटरसाठी नंबर लावणारी माणसं हप्त्यावर छोट्या गाड्या घेत होती, आणि आमच्यासारख्या कोवळ्या कंपन्या सरकारी खात्यांना नकाशे काढायचे कॉम्प्युटर विकत होत्या. विकल्यावर ते बसवायचे आणि तिथल्या लोकांना शिकवायचे, हे माझं काम. काका तिथले मुख्य आरेखक होते. तीस वर्षं त्यांनी धरणांचे नकाशे हाताने काढले होते. हॉलमधले बाकीचे लोक माझ्याकडे, घर रिकामं करून घ्यायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत. काकांना कसलाच राग नव्हता. त्यांना फक्त शंका होत्या. पडद्यावर रेघ काढली की ते तिच्यावर पट्टी लावून बघायचे.

"मशीन म्हणतंय दहा सेंटिमीटर. माझी पट्टी म्हणते साडेसात."

मी त्यांना समजावलं की पडद्यावर चित्र लहान-मोठं करता येतं, आतलं माप खरं असतं. त्यांनी पट्टी खाली ठेवली. "अच्छा. म्हणजे खोटं बोलतं, पण प्रमाणात बोलतं. मग चालेल." आणि त्या दिवसापासून ते हॉलमधल्या कुणाहीपेक्षा वेगाने शिकले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माप घेतल्याशिवाय मत देऊ नये." हे ते कशावरही म्हणायचे. बजेटवर, क्रिकेटवर, शेजारच्या बंगाली बाबूंच्या मुलीसाठी आलेल्या स्थळावर. आणि माप घेतलं की बहुतेक वेळा त्यांचं मत एकच असायचं, ही वस्तू थोडी वर उचलायला हवी. कचेरीतली निम्मी टेबलं त्यांनी विटांवर चढवली होती. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये तर जमिनीला टेकलेली वस्तू शोधावी लागे. पलंगाखाली लाकडी ठोकळे, टीव्हीखाली ट्रंक, आणि स्वयंपाकघरातला ओटा त्यांनी फळी टाकून काकूंच्या कोपराच्या मापाने वर घेतलेला. काकू त्या ओट्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या जमिनीवर विळी मांडून ऐसपैस बसत आणि तिथूनच सगळा कारभार चालवत.

"माझी कंबर माझ्या आईने घडवलीय," त्या म्हणायच्या. "यांच्या पट्टीने नाही."

काकू अकोल्याकडच्या. रविवारी मला जेवायला बोलवायच्या आणि मी नको म्हटलं की म्हणायच्या, "काहून बापा? पुण्यात उपासानं पोट भरते का?" मी मुकाट्याने जायचे. मला आईची आठवण यायची ती त्या घरात कमी व्हायची, हे आज सरळ सांगायला काही हरकत नाही.

आता त्या मोटरसायकलबद्दल. साडेतीनशे सीसीचं, काळं, धडधडणारं ते धूड क्वार्टरच्या जिन्याखाली उभं असे. दोन्ही बाजूंना काकांनी स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या पेट्या होत्या. दर दोन-तीन वर्षांनी दसऱ्याच्या सुमाराला दोघं त्यावर बसून दिल्लीहून थेट नागपूरला दीक्षाभूमीला जायची आणि तिथून अकोल्याला काकूंच्या माहेरी. रस्त्यात दोन-तीन मुक्काम. काका पुढे, काकू मागे साडीत एका बाजूला पाय सोडून, दोघांच्या मधे डब्याची पिशवी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी फिरकी घेतायत. काकूंनी फोटो काढून दाखवले. एका फोटोत चंबळच्या पुलावर काकू गाडीवर बसून कांदा फोडत होत्या.

"ट्रेन आहे ना, काकू?"

"ट्रेनमध्ये हे पेपर वाचतात," काकू म्हणाल्या. "गाडीवर माझ्याशी बोलतात."

पण मी त्यांना ओळखायला लागले तोवर हे सगळं संपायच्या बेतात आलं होतं. तीस वर्षं टेबलावर वाकलेली मान गाडीवरही पुढे वाकायची, आणि तिने आता हिशेब मागायला सुरुवात केली होती. एकदा रिंगरोडवर त्यांच्या उजव्या हाताला अशा मुंग्या आल्या की पकडच सुटली. गाडी फुटपाथला घासून थांबली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोटरसायकल विकून टाका. जूनमध्ये काका रिटायर होणार होते, क्वार्टर सोडून गाझियाबादच्या नव्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. काकूंनी ठरवलं की गाडी नव्या घरी येणार नाही.

काकांनी त्यावर एक वही उघडली. तिच्यात रोजची नोंद सुरू झाली: तारीख, किती अंतर, मान कशी. मानेच्या चार पायऱ्या त्यांनी ठरवल्या होत्या. ठीक. कुरकुर, म्हणजे दाढी करताना जाणवते. ठणका, म्हणजे मान वळत नाही, अख्ख्या माणसाला वळावं लागतं. आणि बंद, म्हणजे हाताला मुंग्या. मला ही वही त्यांनी कॉम्प्युटरवर आलेख काढून द्यायला आणली होती. मी हसले. ते हसले नाहीत, तेव्हा मी आलेख काढून दिला.

"दोष गाडीत नाही आणि मानेतही नाही," आलेख बघून ते म्हणाले. "हँडल खाली आहे."

मग एका रविवारी मला त्यांच्या क्वार्टरसमोरच्या अंगणात बोलावणं आलं. गाडी मुख्य स्टँडवर चढवायची नाही, कारण त्याने ती पुढे कलते आणि माप चुकतं, हे मला तेव्हा कळलं. मी गाडी सरळ धरून उभी राहिले. काका सीटवर बसले, डोळे मिटले, खांदे सोडले, हात पुढे केले. हात जिथे थांबले तिथपासून हँडलची मूठ तब्बल तीन बोटं खाली होती. मी पट्टीने मोजलं. साठ मिलिमीटर. वरच्या बाल्कनीतल्या तमिळ मामी चहाचा पेला धरून हे सगळं बघत होत्या. पेल्याचा त्यांना विसर पडला असावा, कारण तो बराच वेळ तसाच भरलेला होता.

हँडल वर घ्यायचं म्हणजे ते ज्या दोन पकडींत बसतं त्यांच्याखाली काहीतरी घालायचं. आज म्हणे असले तयार ठोकळे डब्यात बंद होऊन मिळतात. तेव्हा कुठलं मिळायला. काका मला मागे बसवून गाझियाबादला एका खरादवाल्याकडे घेऊन गेले. आपण ज्याला लेथ म्हणतो, ते यंत्र. मिस्त्री म्हातारा सरदारजी होता. काकांनी ट्रेसिंग पेपरवर काढलेला नकाशा त्याच्यापुढे पसरला. दहा मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या, एकेका बाजूला सहा.

"बाबूजी, एक ही पीस बना दूँ? साठ का?"

"नहीं जी. टुकड़े में चाहिए."

"टुकड़े क्यों? एक पीस मजबूत रहेगा."

"एकदम उठाएँगे तो पता कैसे चलेगा कहाँ तक ठीक था?"

सरदारजीने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. परत येताना मी काकांना तेच विचारलं. सगळं ठरल्यावर तरी एकसंध ठोकळा करून घ्यायचा ना? त्यावर ते म्हणाले, "माणूस बदलतो गं. उंची बदलायची सोय ठेवलेली बरी." मला ते नुसतं घोळ घालणं वाटलं. मजबुतीसाठी त्यांनी बोल्ट मात्र लांब आणि चांगल्यातले निवडले.

चकत्या बसवल्या त्या दिवशी एक फजिती झाली. हँडल वर गेलं, काका ताठ बसले, चेहरा उजळला, गाडी सुरू केली आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. गाडी एकदम डरकाळ्या फोडायला लागली. काकांनी मूठ पिळलेली नव्हतीच. हँडल वर गेलं तरी ॲक्सिलरेटरची तार जुन्याच लांबीची, त्यामुळे वळवलं की ती ओढली जायची आणि गाडी आपोआप रेस घ्यायची. सगळ्या बाल्कन्या भरल्या. काकू खिडकीतून म्हणाल्या, "आधी बंद करा ते. मग शोध लावा."

"तार आखूड पडली," काका शांतपणे म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. "बरं झालं इथेच कळलं." करोल बागेतून लांब तारा आणून सगळं पुन्हा जुळवायला आठवडा गेला. मग चकत्या काढून ते पुन्हा एकीपासून सुरुवात करत, रोज एक वाढवत कचेरीत यायला लागले. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीला वहीत पहिल्यांदा "ठीक" आलं.

काकूंचा वहीवर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःची परीक्षा लावली. मी साक्षीला होते, म्हणून शब्द लक्षात आहेत. "पानिपतला जाऊन यायचं. मी मागे बसणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरचं पितळी घंगाळ एकट्याने उतरवून दाखवायचं. मान धरून बसलात, तर त्याच दिवशी गाडी विकायची. उतरवलंत, तर दसऱ्याला नागपूर."

"पानिपतच काहून?" काकांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"चादरी घ्यायच्यात नव्या घराला."

मी देव मानत नाही, पण त्या रविवारी मी दिवसभर अस्वस्थ होते. माझं काय जात होतं? तरी संध्याकाळी चार वाजताच मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. सहाच्या सुमाराला ओळखीची धडधड ऐकू आली. काका एखाद्या खुर्चीवर बसल्यासारखे ताठ. काकू मागे, त्यांच्या मागे चादरींचं गाठोडं. गाडी थांबली. काकू काकांच्या खांद्याला धरून खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गं." काकांनी हेल्मेट काढलं आणि मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशी सगळीकडे फिरवून दाखवली.

सोमवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी मी पुन्हा हजर. काकांनी स्टूल लावलं, दोन्ही हात वर केले आणि ते अवाढव्य घंगाळ न कण्हता खाली आणलं. स्टुलावरून उतरताना त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि घंगाळ हातात तसंच धरून उभे राहिले. काकू ओट्याशी उभ्या राहून सुरीने भेंडी चिरत होत्या. काकांनी वर घेतलेल्या, फळी टाकलेल्या ओट्याशी.

"काकू, विळी?" मी विचारलं.

"रोज काय विळी. यांनी एवढा ओटा केलाय तर म्हटलं बघावं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ठेवा तुमची गाडी. चलो, नाश्ता करा."

एकाच सकाळी दोन विजय. मी बसमध्ये हसत होते. काकांचा मात्र त्या दिवशी कचेरीत पेन्सिलीला नुसतंच टोक करायचा उद्योग चालला होता. मला वाटलं, आनंद पचत नाहीये.

जूनमध्ये ते रिटायर झाले. ठरल्याप्रमाणे दसऱ्याला दोघं नागपूरला गेली, आणि त्यानंतरही कितीतरी वेळा. मी लग्न करून बंगलोरला गेले. दिल्लीला कामासाठी आले की गाझियाबादला एक चक्कर व्हायची. दर वेळी मला डोळे मिटून बसवलं जायचं. माझ्या मुलीलाही. काका गेले ते आजारपणात, अंथरुणावर फार न पडता. मला जायला दोन महिने उशीर झाला.

काकू एकट्याच होत्या. खाली पार्किंगमध्ये कापडाखाली गाडी उभी होती. नागपूरचा पुतण्या दोन दिवसांनी ती न्यायला येणार होता आणि पेट्यांमधलं काय ठेवायचं, काय द्यायचं हे बघायला काकूंनी मला सोबत खाली नेलं. मी कापड काढलं आणि सवयीने हँडलखाली बघितलं. एका बाजूला चार चकत्या. दुसऱ्या बाजूलाही चार.

"काकू, या सहा-सहा होत्या ना?"

"असतील तेवढ्याच," काकू म्हणाल्या. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मग आपणहून म्हणाल्या, "तुला एक सांगू? कुणाला बोलले नाही. त्या पानिपतच्या दिवशी माझी कंबर पार गेली होती. हे ताठ बसले ना, तर सरकून माझ्या जागेत आले. त्यात मागे चादरी. मी अर्धी हवेत होते जाता-येता. सोमवारी मला विळीवर बसताच येईना. म्हणून त्या ओट्याशी उभी राहिले."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर गाडी विकली असती यांनी. त्याच दिवशी." त्या हसल्या. "मग आपोआप बरी झाली. अंगाला सवय होते."

उजव्या पेटीत नट-बोल्टचे पाने, तारा, चिंध्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डब्यात चार चकत्या, तेल लावून कागदात गुंडाळलेल्या. त्यांच्याखाली ती वही. मी पानिपतची तारीख शोधली. त्या पानापासून वहीत एक नवा रकाना सुरू झाला होता, त्यांच्या त्या नकाशावरच्या अक्षरात.

पानिपत. चकत्या सहा. मान: ठीक. ती: उतरताना माझा खांदा धरला. पूर्वी धरत नसे.

सोमवार. ती: विळीवर बसली नाही.

चकत्या पाच. मान: ठीक. ती: खांदा धरला.

चकत्या चार. मान: कुरकुर. ती: खांदा धरला नाही. विळीवर बसली.

मी हे काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"त्याच्यापुढे?" त्यांनी विचारलं.

त्याच्यापुढे पानंच्या पानं होती. नागपूर, अकोला, पुन्हा नागपूर. चकत्या चार, चकत्या चार. तिच्या रकान्यात सगळीकडे ठीक. मानेच्या रकान्यात पहिली दोन वर्षं कुरकुर, आणि मग वही संपेपर्यंत ठणका.

"यांची मान काय लिहिलीय?"

"ठीक," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू." काकूंनी हात पुढे करून वही मागून घेतली. चष्मा वर घरात राहिला होता, त्यामुळे त्यांनी ती वाचली नाही, नुसती मांडीवर ठेवली. "सकाळी दाढी करताना मान न वळवता अख्खे वळायचे. मला काय दिसत नव्हतं? पण मी म्हटलं, गाडी सुटेल म्हणून लपवतायत, तर लपवू देत. मलाही कुठे सोडायची होती ती." मग वहीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मला कधी डोळे मिटून बसवलं नाही बघ यांनी. सगळ्या जगाला बसवलं."

पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी आली, आम्ही बाजूला झालो. मी चकत्या पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि विचारलं, या ठेवायच्या की गाडीबरोबर द्यायच्या?

"दे त्याला," काकू म्हणाल्या. "पोरगा उंच आहे, लागतील. फक्त सांग, माप घेताना बायकोला मागे बसव म्हणावं."